वाकनचे सभ्य राक्षस

जुलैच्या अखेरीस हॅम्बुर्गच्या मुख्य स्टेशनात, उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या फलाटावर जो कोणी मराठी माणूस उभा राहील, त्याला पहिली शंका अशी येईल की जवळपास कुठेतरी तुरुंग फुटला आहे. काळे टी-शर्ट, त्यांवर कवट्या, कवट्यांखाली कुणालाही वाचता येऊ नयेत याची काळजी घेऊन काढलेली अक्षरं, खांद्यापासून मनगटापर्यंत गोंदण, छातीवर रुळणाऱ्या दाढ्या आणि त्यांच्याहून लांब केस. ही मंडळी तासाभराने इट्झेहो नावाच्या गावी उतरतात, मुकाट्याने बसच्या रांगेत उभी राहतात आणि वीसेक किलोमीटरवरच्या वाकन या खेड्यात पोहोचतात. (नागोठण्याजवळच्या वाकण फाट्याशी याचा संबंध नाही, हे कोकणात जाणाऱ्यांसाठी आधीच सांगून ठेवतो.) वाकनची वस्ती दोन हजारांच्या आसपास. शेतं, गाई, एक चर्च, एक पोहण्याचा तलाव आणि गावकऱ्यांनी हौसेने चालवलेलं अग्निशमन दल, एवढाच पसारा. १९९० साली होल्गर ह्यूबनर आणि थॉमस येन्सन या गावच्या दोन पोरांनी खडी काढून झालेल्या एका खड्ड्यात सहा बँड बोलावले आणि जेमतेम आठशे माणसं जमली. आज त्याच गावात दर उन्हाळ्यात पंचाऐंशी हजारांच्या घरात माणसं हेवी मेटल ऐकायला येतात. हेवी मेटल म्हणजे रॉक संगीतातला असा प्रकार, की जो शेजारच्या घरात लागला तर आपण आधी भिंत ठोकतो, मग सोसायटीच्या सचिवांना फोन करतो.

अशा मैफलीला पहिल्यांदा गेलेला माणूस बहुधा खूश होऊन परततो. त्याला संगीत आवडलं असेल असं आपण धरून चालतो. निदान तरुण असेल, प्यायला असेल, असं तरी म्हणतो. माझं म्हणणं वेगळं आहे. त्याला सुखद धक्का बसतो तो माणसांच्या वागण्याचा. बायकामुलांना घरी ठेवून, पाकीट आतल्या खिशात घालून तो राक्षसांच्या मेळाव्याला गेलेला असतो आणि तिथे त्याला भेटतात ते लग्नातल्या वरपक्षापेक्षा कितीतरी सभ्य लोक. याचा खुलासा साधारणपणे असा केला जातो की ‘दिसायला भयंकर, पण मनाने चांगले’. हा खुलासा आळशी आहे. ते लोक आरडाओरडा करत असूनही सभ्य आहेत असं नाही; आरडाओरड्याची तिथे रीतसर सोय केलेली आहे, म्हणून ते सभ्य आहेत. दांडगाईला एकदा जागा, वेळ आणि नियम नेमून दिले, की ती उरलेल्या जागी आणि उरलेल्या वेळी लुडबुड करत नाही. आपल्याकडे दांडगाईला मज्जाव असतो, त्यामुळे ती मिरवणुकीत, रिक्षाच्या रांगेत आणि गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत वाट काढते.

पुरावा अगदी उद्घाटनापासून मिळतो. वाकनला प्रमुख पाहुणे नसतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि ‘मी आपला फार वेळ घेणार नाही’ असं म्हणून घेतलेला पाऊण तास, यांपैकी काहीच नसतं. गावच्या अग्निशमन दलाचा स्वतःचा पितळी वाद्यांचा ताफा आहे. हे बंबवाले, त्यात पोट सुटलेले काकाही आले, कर्णे आणि ढोल घेऊन बसतात आणि महोत्सवाची सुरुवात करून देतात. समोर कवट्यांचे टी-शर्ट घातलेला जमाव या बँडबाजावर नाचतो आणि वन्समोअर मागतो. पुढचा कारभार घड्याळावर चालतो. मुख्य रंगमंच एकमेकांना खेटून आहेत. त्यांची नावं ‘फास्टर’ आणि ‘हार्डर’, आणि तिसरा ‘लाउडर’. एकावरचा बँड थांबला की थोड्याच वेळात शेजारच्यावर दुसरा सुरू होतो, म्हणजे पहिल्याच्या तारा गुंडाळल्या जाईपर्यंत ताटकळायला नको. सैतानाच्या नावाने गळा काढणारा गायक ठरलेल्या मिनिटाला येतो आणि ठरलेल्या मिनिटाला जातो. साडेसहाची वेळ छापून साडेसातला पडदा उघडणाऱ्या आपल्या सात्त्विक कार्यक्रमांनी या सैतानाकडे शिकवणी लावायला हरकत नाही.

आता खुद्द दांडगाईकडे वळू. रंगमंचासमोर गर्दीत मध्येच एक मोकळं रिंगण तयार होतं, त्याला मॉश पिट म्हणतात. त्यात शिरलेले लोक एकमेकांवर आदळतात, ढकलतात, उडतात. लांबून पाहणाऱ्याला ही मारामारी वाटते. पण मारामारीत पडलेल्याला लाथा बसतात. इथे माणूस पडला की सगळ्यांत जवळचे दोघे-तिघे हातातलं काम, म्हणजे ढकलणं, सोडून त्याला काखेत धरून उभा करतात. कुणाचा बूट निघाला, चष्मा पडला, तर भोवती पाठी करून कडं धरलं जातं आणि तो सापडेपर्यंत प्रलय थांबतो. हे नियम कुठल्या फलकावर लिहिलेले नाहीत आणि ते मोडणाऱ्याला रिंगणाबाहेर काढायला पोलीस लागत नाहीत. कॉर्नेल विद्यापीठातल्या काही भौतिकशास्त्रज्ञांनी अशा रिंगणांच्या चित्रफिती तपासून २०१३ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये निबंध छापला. मॉश पिटमधली माणसं वायूच्या रेणूंसारखी वागतात आणि त्यांच्या वेगांची विभागणी साधारण त्याच गणिताने होते, असा त्यांचा निष्कर्ष. बी. एस्सी.ला ज्यांनी या गणिताचे जनक मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन हे दोघे केवळ गुणांसाठी सोसले, त्यांना या सूत्राची प्रचिती घ्यायची ही एकमेव आनंददायी संधी आहे. त्यांनी आणखी एक नोंद केली. रिंगणात लोक गोल धावू लागतात तेव्हा ते बहुतेक वेळा घड्याळाच्या उलट्या दिशेने धावतात, म्हणजे आपल्या हिशेबाने प्रदक्षिणा चुकते. धर्ममार्तंडांनी घ्यायचा तर आक्षेप इथे घ्यावा. बाकी, व्हीलचेअरवरच्या रसिकाला खुर्चीसकट उचलून डोक्यांवरून हातोहात पुढे नेणाऱ्या गर्दीला दांडगट म्हणायला जीभ रेटावी लागते. अपंग प्रेक्षकांसाठी तिथे तंबूंची वेगळी जागाही आहे आणि तिचं नाव ‘व्हील्स ऑफ स्टील’ आहे. सहानुभूतीचा सूर लागू नये याची किती ही खबरदारी!

या मेळाव्यात हजारो हात एकाच वेळी वर जातात आणि प्रत्येकाची तर्जनी व करंगळी ताठ असते. ही सैतानाची शिंगं असल्याचा बोभाटा पुष्कळ झाला आहे. ही खूण मेटलमध्ये रूढ करण्याचं श्रेय बहुतेक रॉनी जेम्स डिओ या गायकाला देतात आणि तो सांगायचा की ही आपल्या इटालियन आजीची खूण. वाईट नजर लागू नये म्हणून ती करायची. म्हणजे एवढा सगळा काळाकुट्ट समुदाय जमून सामुदायिक दृष्ट काढत असतो. फक्त मीठ-मोहऱ्या नाहीत. रंगमंचावरच्या राक्षसांचीही तीच गत. आयर्न मेडनचा ब्रूस डिकिन्सन गातो तेव्हा खिडक्यांच्या काचा धरून बसाव्याशा वाटतात. पण हा गृहस्थ परवानाधारक वैमानिक आहे आणि २००८च्या जगदौऱ्यात बँडचं बोइंग ७५७ तोच चालवत होता. त्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात झाला. गाणारा वाद्यं आणि वाद्यवृंद घेऊन स्वतः विमान हाकत आला. त्याच उन्हाळ्यात आयर्न मेडन वाकनलाही वाजवून गेले. गवयाला गाडीने वेळेवर आणता आणता संयोजकांची काय दमछाक होते, हे ज्यांनी गणेशोत्सवात पाहिलं आहे त्यांना या वैमानिक गायकाचं शौर्य कळेल. मुंबईच्या ‘डिमॉनिक रिझरेक्शन’ या बँडचा साहिल मखीजा माइकपुढे घशातून पाताळ काढतो आणि घरी आल्यावर ‘हेडबँगर्स किचन’ या आपल्या वाहिनीवर पाककृती शिकवतो. गर्जना ही नोकरी आहे. ती संपली की माणूस फोडणीकडे वळायला मोकळा असतो.

आवाजाचं काय, हा प्रश्न कानाला हात लावून विचारला जाईल, आणि तो योग्य आहे. आवाज प्रचंड असतो. पण जर्मनीत अशा कार्यक्रमांसाठी लेखी मानक आहे: श्रोत्यांच्या जागी अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलच्या वर जाता कामा नये, आणि कानात घालायची बोंडं उपलब्ध असली पाहिजेत. आवाज जास्त आहे हे मान्य करून त्याचा हिशेब ठेवणं ही एक संस्कृती. आवाज होतच नाही असं प्रतिज्ञापत्रावर सांगून ध्वनिवर्धकांच्या भिंती उभारणं ही दुसरी. कुणाची कोणती, ते वाचकांनी आपापल्या गल्लीत ठरवावं. कानांनंतर मान येते. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या २००८च्या नाताळ अंकात दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी डोकं झटकण्याच्या धोक्याचा अभ्यास मांडला. ज्या गाण्यांवर लोक डोकं झटकतात त्यांची सरासरी गती मिनिटाला १४६ ठोके, आणि त्या गतीला डोकं पंचाहत्तर अंशांहून जास्त हललं तर इजा संभवते. उपाय म्हणून त्यांनी एक ठोका सोडून एका ठोक्याला डोकं झटकावं, असं सुचवलं आहे. विलंबित एकतालात समेला हलणारी आपली मान मिनिटाला सुमारे एकदा हलते. तेव्हा मणक्यांच्या दृष्टीने ख्यालगायन हे जगातलं सर्वांत सुरक्षित संगीत ठरतं, मग झोप लागली तरी बेहत्तर.

शेतकऱ्यांच्या गावाने हे सगळं कसं चालवून घेतलं, ही या प्रवासातली सर्वांत चविष्ट गोष्ट आहे. त्या आठवड्यात गावच्या मुख्य रस्त्यावरची घरं आपापल्या अंगणात टेबलं मांडतात. कॉफी, केक, भाजलेले सॉसेज, सकाळची न्याहारी. गावची पोरं हातगाड्यांवरून पाहुण्यांचं सामान ओढून चार पैसे करतात. गावच्या चर्चमध्येसुद्धा मेटलचा कार्यक्रम होतो. कोरियात जन्मलेल्या चो सुंग-ह्युंग या दिग्दर्शिकेने २००६ साली ‘फुल मेटल व्हिलेज’ हा माहितीपट केला, त्यात बँड कमी आणि गावचे शेतकरी, म्हाताऱ्या बायका आणि गाई जास्त आहेत. शहाणपणाची निवड होती. त्याला माक्स ओफ्युल्स पारितोषिकही मिळालं. बियरचे ट्रक शेतात फिरून जमिनीचा चिखल करतात असं लक्षात आल्यावर २०१७मध्ये जमिनीखालून चक्क बियरची पाइपलाइन टाकण्यात आली. आमच्याकडे कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचत नाही, या विषयावर इथे बोलणं बरं नव्हे. चिखल, तंबू, एकच ध्यास आणि दर वर्षीची ओढ हे सगळं पाहून कुणाही मराठी माणसाच्या तोंडी वारीची उपमा येईल. ती मी देणार नाही. वारकरी चालत येतो, देवाकडून पैसे परत मागत नाही आणि त्याला तिकीट पडत नाही. वाकनचं तिकीट तीनशे युरोंच्या वर गेलं आहे. साम्य असलंच तर यजमान गावाच्या बाजूने आहे. दाराशी आलेल्याची जात नाही, भूक विचारायची, एवढं दोन्हीकडे कळतं.

‘ते जर्मन आहेत हो, ते कुठेही रांग लावतील,’ हा सर्वांत वजनदार आक्षेप. तो खरा असता तर जर्मन फुटबॉलच्या मैदानात पाहुण्या संघाच्या चाहत्यांना वेगळ्या कुंपणात ठेवावं लागलं नसतं. माणसं तीच, बियर तीच. पण तिथे कुणीतरी हरायचं असतं. वाकनला शेकडो बँडचे चाहते एकाच चिखलात मिसळून उभे असतात, कारण एकाचं गाणं चांगलं झाल्याने दुसऱ्याचे गुण कापले जात नाहीत. शिवाय तिथे सगळे जर्मन नसतात. जगभरातून लोक येतात. २०१९ साली दिल्लीचा ‘ब्लडीवुड’ हा बँड ढोल घेऊन गेला आणि भाषा न कळणाऱ्या गर्दीने त्याला डोक्यावर घेतलं. आणि आपल्या देशातलाच पुरावा हवा असेल तर ऑक्टोबर २०११ आठवावा. मेटॅलिकाचा कार्यक्रम २८ तारखेला गुडगावला व्हायचा होता. कठड्यांची व्यवस्था कोसळली, कार्यक्रम रद्द झाला आणि चिडलेल्या जमावाने रंगमंचाची मोडतोड केली. दोनच दिवसांनी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर तोच बँड वाजवून गेला आणि हजारो लोक गाऊन, भिजून, घसा बसवून घरी गेले. गुडगावची मोडतोड मेटल ऐकून झाली नव्हती. ऐकायला न मिळाल्याने झाली होती. ओरडायला म्हणून पैसे भरून आलेल्या माणसाला तुम्ही ओरडूच दिलं नाहीत, तर तो उरलेली शक्ती खुर्च्यांवर खर्च करणारच.

याहून गंभीर आक्षेप विनोदाने उडवून लावण्यासारखा नाही. ६ डिसेंबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियात अल्टामाँटला रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमात रंगमंचाची राखण हेल्स एंजल्स या मोटरसायकलवाल्या टोळीकडे दिली होती, आणि रंगमंचापुढे एका तरुणाचा भोसकल्याने मृत्यू झाला. ३० जून २००० रोजी डेन्मार्कमधल्या रोस्किल्डला पर्ल जॅम गात असताना पुढच्या रांगांत चेंगरून नऊ तरुण गेले. बँडने गाणं थांबवून लोकांना मागे सरकायची विनंती केली होती. हे रॉकच्या नावावर मांडलंच पाहिजे. पण मांडताना कारणही मांडावं. अल्टामाँटला पहारा गुंडांच्या हाती होता, रोस्किल्डला रेटा अडवणारी व्यवस्था अपुरी पडली, आणि त्यानंतर तिथे रंगमंचापुढची जागा कठड्यांनी विभागण्यात आली. गर्दी माणसं मारते ती अरुंद वाटेमुळे आणि मागून येणाऱ्याला पुढचं दिसत नाही यामुळे. २९ सप्टेंबर २०१७ला मुंबईच्या एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर तेवीस माणसं गेली. ती कामावर निघालेली, शांत, बहुतेक इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं होती, आणि कुणाच्या हातात गिटार नव्हती. हे उदाहरण माझ्या मुद्द्याला सोडून नाही. सभ्यता स्वभावातून येते असं मानणारा समाज पूल रुंद करत नाही. ती व्यवस्थेतून येते असं मानणारा खेड्यातला शेतकरीसुद्धा कठडे मोजतो.

राहता राहिलं संगीत. त्याबद्दल मी आग्रह धरणार नाही. चार गिटारी एकदम कडाडल्या की काहींना त्यात बाखची शिस्त ऐकू येते आणि काहींना मिक्सरमध्ये अडकलेला चमचा. दोन्ही पक्षांत प्रामाणिक लोक आहेत. पैशाचा आक्षेपही मी अर्धा मान्य करतो. बंडखोरीचा गणवेश दुकानात मिळू लागला, त्यावर बैलाची कवटी छापली आणि त्याची किंमत युरोत लागली, की बंडाचं काय राहिलं, हे विचारायला हवं. पण विकत घेतलेली सभ्यता चिखलात पहिली सुटते, आणि वाकनला ही परीक्षा २०२३ साली झाली. इतका पाऊस पडला की शेतं गाड्या घेईनात, ट्रॅक्टरने मोटारी ओढाव्या लागल्या आणि संयोजकांनी प्रवेशच बंद केला. तिकीट हातात असलेले हजारो लोक वाटेतून परत फिरले. जाळपोळ झाली नाही. जे आधीच आत पोहोचले होते ते गुडघाभर गाळात उभे राहून नाचले, आणि आयर्न मेडन त्या वर्षीही वाजवून गेले.

तेव्हा ज्यांना जायचं असेल त्यांनी जावं. मुलाला एकट्याला पाठवायला घाबरत असाल तर बरोबर जावं, म्हणजे मुलाची लाज आणि तुमची भीती दोन्ही एकदम जातील. कानात घालायची बोंडं, गमबूट आणि रेनकोट न्यावा, छत्री नेऊ नये, कारण मागच्याला दिसत नाही. पांढरा झब्बा घातलात तर कुणी हसणार नाही, पण तो पुन्हा पांढरा होणार नाही. महोत्सव जुलै संपताना किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात असतो आणि तिकिटं आदल्या वर्षीच, काही वर्षी तर विक्री सुरू झाल्यावर काही तासांतच संपली आहेत. विचार करायचा असेल तर तो आत्ताच करावा लागेल.